४० हजारांत ५५ इंच

आमच्याकडे टीव्हीचा विषय निघाला तो अण्णांमुळे, म्हणजे माझ्या सासऱ्यांमुळे. २०२५ चा सप्टेंबर. महिला विश्वचषक तोंडावर आलेला आणि स्मृती मानधना आमच्या सांगलीची. ‘यंदा मॅच मोठ्या पडद्यावर बघायची,’ असं त्यांनी जाहीर करून टाकलं. नवऱ्याने आकडा सांगितला: ४० हजार, भिंतीवर लावायचा खर्च धरून. बाकी तू बघ.

पहिला प्रश्न होता आत्ता घ्यायचा की थांबायचं. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर तोवर २८ टक्के जीएसटी होता आणि २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमकं घटस्थापनेपासून, तो १८ टक्के होणार असं जाहीर झालं होतं. ४० हजारांच्या टीव्हीत मूळ किंमत ३१,२५० रुपये असते. तिच्यावर १८ टक्के लावले की होतात ३६,८७५. तीन हजारांवर फरक. शिवाय कर सगळीकडे एकदम उतरणार होता, म्हणजे दुकानदाराला टाळाटाळ करायला जागा कमी. एकाने तर स्वतःच सांगितलं, ‘वहिनी, २२ नंतर या.’ तोवरचे दिवस मी मोजमापात घालवले.

सोफ्यापासून भिंत साडेआठ फूट, म्हणजे १०२ इंच. पाहण्याचं अंतर पडद्याच्या कर्णाच्या साधारण १.२ ते १.६ पट असावं, असा एक ढोबळ हिशेब आहे. त्यानुसार आमच्या हॉलमध्ये ६५ इंचीही सुखाने बसला असता, पण तो पैशात बसत नव्हता. ४३ इंची घेऊन एवढ्या लांबून बघायचं तर फोर-केच्या बारीक ठिपक्यांचा उपयोग काय? म्हणून ५५. खोक्यावर १३८, १३९ किंवा १४० सेंटीमीटर असं काहीही लिहिलेलं असतं, तो कर्ण. आपल्याला हवी असते रुंदी. ५५ इंचीची रुंदी जवळजवळ १२२ सेंटीमीटर, म्हणजे चार फूट. वर्तमानपत्राची पानं चिकटवून तेवढा आयत भिंतीवर लावला, तेव्हा कळलं की दाराची चौकट फक्त वीतभर लांब राहतेय.

खरी पंचाईत झोपाळ्याने केली. सासूबाई टीव्ही बघतात त्या झोपाळ्यावरून. झोपाळा कड्यांना टांगलेला, हॉलच्या कडेला, जागचा हलणं शक्य नाही. तिथून पडदा चांगलाच तिरका दिसतो. आणि इथेच पॅनेलचा, म्हणजे टीव्हीच्या पडद्याचा, प्रकार आडवा येतो.

या किमतीत बहुतेक टीव्हींत दोन प्रकारची पॅनेल येतात, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा काळा रंग खरोखर काळा दिसतो, त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-काळोखातला फरक, आयपीएसच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त असतो. पण बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएस बाजूनेही नीट दिसतं, मात्र रात्रीच्या प्रसंगात काळ्याच्या जागी राखाडी धुकं. दुकानातल्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं, आणि कधी कधी कंपनी एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार वापरते. त्यामुळे डोळ्यांवर भरवसा. समोर उभं राहायचं, मग चार पावलं बाजूला सरकायचं. चेहऱ्यांचा रंग उडाला तर व्हीए. हॉलमध्ये दिवे मालवून सिनेमे बघणारे आम्ही दोघं, आणि बाजूने मालिका बघणाऱ्या सासूबाई. मी व्हीएकडे झुकले, कारण तिरकेपणावर दुसरा उपाय होता: हात पुढे येऊन वळणारा वॉल स्टँड. साध्या स्टँडपेक्षा हजारभर रुपये जास्त. भिंत नऊ इंची विटांची, टीव्ही बारा-तेरा किलोचा, त्यामुळे काळजी नव्हती. पार्टिशनच्या भिंतीवर मात्र असा स्टँड लावू नये. मागच्या भोकांचं अंतर, म्हणजे व्हेसा माप, टीव्ही ठरल्यावर जुळवून घ्यायचं.

एकदा हे ठरल्यावर पुढची निवड सोपी झाली, कारण मी एकच कसोटी लावली: जे नंतर स्वस्तात बदलता येतं त्याला आज पैसे द्यायचे नाहीत. पॅनेल बदलता येत नाही. फुटलं तर नवं पॅनेल एवढं महाग की लोक नवा टीव्हीच घेतात. उलट आतली स्मार्ट प्रणाली चार-पाच वर्षांत रेंगाळायला लागते, पण तेव्हा एक छोटी स्टिक एचडीएमआयला लावली की काम होतं. म्हणून टायझन की वेबओएस की गूगल टीव्ही, या वादात मी पडले नाही. फक्त २ जीबी रॅमच्या खाली जायचं नाही, एवढंच. आवाजाचंही तेच. ‘अमुक वॅट, तमुक साउंड’ असं खोक्यावर कितीही लिहिलेलं असो, एवढ्या पातळ खोक्यातून खर्ज कुठून येणार? घरात जुनं होम थिएटर होतं, त्याला ऑप्टिकल वायर जोडता येते का, एवढं पाहिलं.

दुकानात सगळे टीव्ही व्हिव्हिड मोडवर भडक पेटवलेले असतात. भाजीवाल्याने पाणी मारलेल्या टोमॅटोसारखे. मी पेन ड्राइव्हवर दोन गोष्टी नेल्या होत्या: आमच्या सहलीचा रात्रीचा व्हिडिओ आणि क्रिकेटचा एक तुकडा. विक्रेत्याला विनंती केली की सिनेमा मोड लावा आणि मोशनचं सेटिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं, बंद करा. विश्रामबागेतल्या एका दुकानात चक्क नाही म्हणाले, डेमो बदलता येत नाही म्हणे. तिथून निघाले. दुसऱ्या ठिकाणी पोराने आनंदाने रिमोटच हातात दिला. दोन टीव्ही शेजारी शेजारी लावून पाहिल्यावर ज्याच्यावर एचडीआरचा, म्हणजे जास्त उजळ आणि जास्त गडद चित्राचा, सर्वांत मोठा स्टिकर होता, त्याचाच पडदा मंद निघाला. एचडीआरचं चित्र बऱ्याचदा हजार निट्स (हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड गृहीत धरून तयार करतात. स्वस्त टीव्ही जेमतेम ३०० च्या आसपास देतात. एचडीआरचं चित्र ते चालवतात, पण त्यातला उजेड दाखवत नाहीत. क्यूएलईडीचं वेगळं. त्याच्या क्वांटम डॉटच्या थराने रंग खरंच खुलतात, आणि दोन-तीन हजारांत मिळत असेल तर घ्यावा, पण काळेपणाशी त्याचा संबंध नाही.

घेतला तो एका चिनी कंपनीचा व्हीए पॅनेलवाला क्यूएलईडी, ३५,९९० ला. ‘नो कॉस्ट ईएमआय’ला मी नाही म्हटलं. त्यात व्याज सवलत म्हणून वळतं करतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी खिशातूनच जाते. रोखीने देते म्हटल्यावर दुकानदाराने एक वर्षाची वाढीव वॉरंटी फुकट घातली. स्टँड १,८००, ऑप्टिकल वायर ४००, स्पाइक गार्ड ७००. स्टॅबिलायझर मुद्दाम घेतला नाही. टीव्हीच्या मागेच १०० ते २४० व्होल्ट छापलेलं होतं.

खोकं उभंच आणायला लावलं आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत उघडू दिलं नाही. फुटलेलं पॅनेल कुणाच्या हातून फुटलं, हा वाद नको. सुरू केल्यावर पहिल्यांदा यूट्यूबवर पूर्ण पांढरा, लाल, काळा पडदा लावून मेलेले पिक्सेल शोधले. नव्हते. सुरुवातीला ‘स्टोअर की होम’ असं विचारतो, तिथे होम.

आणि मग सासूबाईंची मालिका लागली. साध्या चॅनेलवर चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. फोर-के पडद्यावर ठिपके बरोबर त्याच्या २० पट. मधली सगळी भरती टीव्ही अंदाजाने करतो, त्यामुळे सगळ्या नायिका मेणाच्या दिसत होत्या. यावर टीव्हीत उपाय नाही. सेट टॉप बॉक्स एचडी करून घेतला आणि पॅकेजमधून कुणीच न बघणारे चॅनेल काढून स्टार प्रवाह आणि झी मराठीचे एचडी घातले. बिल जवळजवळ तेवढंच राहिलं. नेटफ्लिक्सचं फोर-के फक्त ६४९ रुपयांच्या प्लॅनमध्ये मिळतं. ते आम्ही सोडून दिलं, फुल एचडीही सुरेख दिसतं.

अण्णांना सिनेमा मोड ‘काविळीसारखा पिवळा’ वाटतो. त्यांच्यासाठी क्रिकेटला वेगळा, जरा उजळ मोड ठेवलाय आणि रिमोटवरच्या एका बटणाला तो लावून दिलाय. मोशनचं सेटिंग मात्र मी त्यातही बंदच ठेवलंय, ते त्यांना अजून सापडलेलं नाही.