तुम्ही विचारलंत म्हणून: गणितज्ञांची वेशभूषा का बंद केली?

डिसेंबर लागला की विचारणा सुरू होते. "मॅडम, २२ तारखेला, गणित दिनाला, यंदा तरी पोरांना रामानुजन, भास्कराचार्य होऊ द्या की! किती छान व्हायचा तुमचा कार्यक्रम!" पालक विचारतात, नव्या शिक्षिका विचारतात, परवा इथल्या, नागपुरातल्या महाल भागातल्या किराणावाल्यानंही विचारलं. "वेळच मिळत नाही हो," म्हणून मी सुटका करून घेते. ते खोटं आहे. एकदाचं लिहून टाकते.

कार्यक्रम मीच सुरू केला होता. २०१२ हे राष्ट्रीय गणित वर्ष होतं, रामानुजन यांची १२५ वी जयंती. क्रिकेटला चेहरे आहेत, सिनेमाला आहेत, गणितालाच चेहरा नाही म्हणून पोरं त्याला घाबरतात, असं मी तेव्हा तावातावानं सांगत असे. सगळ्यांना पटायचं. मला अजूनही ते पुरतं चूक वाटत नाही, हीच तर पंचाईत आहे.

सातवीतल्या एका मुलीला मी शकुंतला देवी केलं. गणितात बेताची, पण आवाज खणखणीत, म्हणून. १८ जून १९८० ला लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शकुंतला देवींनी १३ आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी केला होता. तो प्रसंग बसवला. उत्तर २६ आकडी. जेवणाच्या सुट्टीत तीन-तीन आकड्यांचे तुकडे पाडून पंधरा दिवस मी तिच्याकडून ते घोकून घेतलं. हो, मीच.

आईची रेशमी साडी, कमरेत तीन ठिकाणी पिना, कपाळावर मोठं कुंकू. पोरगी उभी राहिली आणि म्हणाली: एक आठ नऊ चार सात सहा सहा आठ... शेवटच्या शून्यापर्यंत एकदाही अडखळली नाही. टाळ्या थांबेनात. तिची आई मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती, ते मला स्टेजच्या कडेवरून दिसत होतं.

पाहुणे खूश झाले. माणूस वाईट नव्हता, कौतुकानंच माइक ओढून म्हणाले, "वा बेटा! मग आता सांग, सतरा नव्वे किती?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ओठांनी "एकशे त्रेपन्न" म्हटलं, तिला कळलं नाही. मग ती खाली साडीच्या निऱ्यांकडे पाहायला लागली. मागून एक पोट्टा ओरडला, "शकुंतला देवी, कॅल्क्युलेटर देऊ काय?" सभागृह हसलं. पाहुणेही हसले. मीही हसले. तिला सावरून घ्यायला हसले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

सोमवारी ती मला व्हरांड्यात भेटली. रडली नाही, रागावली नाही. इतकंच विचारलं, "मॅडम, तो आकडा आता विसरली तर चालते ना?"

पुढं काय झालं, ते विचारू नका. तिनं गणित सोडलं याला कारण मीच, असा दावा मी करणार नाही, तिला ते आधीच नकोसं असेल. पण १५३ ही काय गमतीची संख्या आहे! एकाचा घन, पाचाचा घन, तिनाचा घन यांची बेरीज करा: १, १२५, २७. पुन्हा १५३. पंधरा दिवसांत हे सांगायला मला दोन मिनिटं मिळाली नव्हती.

"म्हणून काय थोरांच्या गोष्टीच सांगायच्या नाहीत?" असं माझी एक मैत्रीण चिडून म्हणते. सांगते ना! आता गणितज्ञ कापरेकर सांगते. देवळालीचे शाळामास्तर. वेश करायचा तर काय करणार, आमच्या शाळेतल्या कुठल्याही सरांसारखे दिसतील. त्यांचा ६१७४ पोरांना द्यायचा. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, चारही अंक एकच नकोत. अंक उतरते लावा, चढते लावा, वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जन्मसाल २०१३ घेतलं तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. फार तर सात वेळा केलं की ६१७४ येतोच. पोरं पार्किंगमधल्या एमएच ३१ च्या गाड्यांचे नंबर घेऊन बसतात. हातचा चुकला की "माझा नाही येऊन राहिला" म्हणून स्वतःच पुन्हा मांडतात.

इथवर लिहून मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं असतं, पण गेल्या महिन्यातलं सांगायलाच हवं. कापरेकरांनी एका प्रकारच्या संख्यांना डोंबिवली स्टेशनवरून 'डेम्लो' नाव दिलं, हे मी सांगितलं होतं. सहावीतल्या एका मुलानं मग आमच्या अजनी स्टेशनवरून 'अजनी संख्या' काढल्या. अंकांच्या बेरजेनं संख्येला भाग जायला हवा, ही त्याची अट. १०, १२, १८, २०, २१, २४... दोन पानं भरून यादी. तिच्यात १५३ पण होता: अंकांची बेरीज नऊ, आणि सतरा नव्वे.

मी इतकी आनंदले की बोलून गेले, "अरे, या तर कापरेकरांनीच काढल्यात! हर्षद संख्या म्हणतात त्यांना. हर्ष देणाऱ्या!"

"म्हणजे आधीच काढल्या काय?" तो म्हणाला.

"हो ना! बघ, किती मोठ्या माणसासारखा विचार केलास तू."

त्यानं वही दप्तरात टाकली. मैत्रीण म्हणते, सांगितलंस ते बरोबर, खोटं कशाला बोलायचं. मी म्हणते, आठवडाभर थांबता आलं असतं. शनिवारी तो वर्गात आला होता. वहीचं मी विचारलं नाही.