उलाळ

१ मेची सुट्टी त्या वर्षी बुधवारी आली होती, त्यामुळे गुरुवारी, २ मे २०१३ ला, आमच्या डिस्पॅचमध्ये दोन दिवसांचं काम एकत्र तुंबलेलं. मी तेव्हा नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डिस्पॅच सुपरवायझर होतो. यार्डात सकाळपासून एक लो-बेड ट्रेलर लागला होता. चौदा टनांचं प्रेस मशीन त्यावर चढवायचं, बांधायचं आणि संध्याकाळी गाडी न्हावाशेव्याला सोडायची. दोन हायड्रा क्रेन लावून मशीन बसवेपर्यंत दुपार टळली. ऊन असं की ट्रेलरच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती.

साडेतीनला गेटपास करायला ऑफिसात गेलो, तर अकाउंट्सच्या पोराच्या कॉम्प्युटरभोवती सातआठ जणांचा घोळका. कुणी हलायला तयार नाही. मीही मान घातली.

तो व्हिडिओ पुढे जगभर लाखो लोकांनी पाहिला, तुम्हीही पाहिला असेल. अफगाणिस्तानातला बगराम तळ. एका गाडीच्या काचेमागे लावलेला कॅमेरा. रस्ता, कुंपण, आणि समोर आभाळात एक भलंमोठं मालवाहू विमान नाक वर करून जवळजवळ जागच्या जागी टांगलेलं. मग ते एका अंगाला कलतं, पुन्हा सरळ होतंय की काय असं वाटेपर्यंत पोटावर खाली येतं. आगीचा लोळ, काळा धूर. 

“परत लाव,” कुणीतरी म्हणालं. परत लावला. मग परत.

प्रत्येक वेळी एकेक जण शहाणा होत होता. स्टोअरवाला म्हणाला, हे खोटं आहे, कॉम्प्युटरवर बनवलंय, खरं विमान असं थांबतं का कधी. दुसऱ्याला खात्री की तालिबानने पाडलं. ते अगदीच हवेतलं नव्हतं, तालिबानने तसा दावा केलाही होता आणि नाटोने तो लगेच फेटाळलाही होता. एकाने पायलटला शिवी हासडली. कुणी म्हणालं, “गेमसारखंच दिसतंय राव.” मीही मागे नव्हतो. “इंजिन बसलं असणार,” असं ठोकून दिलं. माझा विमानांशी संबंध काय, तर ओझरहून उडालेलं सुखोई डोक्यावरून गेलं की मान वर करायची. पण सातआठ जणांत गप्प राहणं जमत नाही माणसाला.

आत माणसं किती होती, हे मात्र आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. सात होती, सगळी अमेरिकन. एकही वाचलं नाही.

तेवढ्यात नाना गेटपासची सही घ्यायला आला. नाना आमचा लोडिंगचा मुकादम. सिन्नर तालुक्यातला, घरची कोरडवाहू शेती, पंचविसेक वर्षं माल बांधण्यात गेलेली. खांद्यावरचा गमछा तोंडाला पुसत तो मागे उभा राहिला. चौथ्यांदा की पाचव्यांदा विमान पडलं.

“उलाळ झाली ना गाडी,” नाना म्हणाला.

पोरं हसली. त्यातल्या निम्म्यांनी हा शब्द ऐकलाच नव्हता. बैलगाडीत आखाच्या मागे वजन जास्त झालं की पुढचं जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. त्याला म्हणतात गाडी उलाळ होणं. उसाची, कडब्याची गाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही.

“विमान आहे ते नाना, बैलगाडी नाही,” अकाउंट्सचा पोरगा म्हणाला.

“अस्सं का,” नाना म्हणाला. “आत काय भरलं व्हतं?”

पोराने वाचून दाखवलं. लष्कराच्या चिलखती गाड्या. अफगाणिस्तानातल्याच कॅम्प बॅस्टियन तळावरून भरून विमान बगरामला इंधनासाठी उतरलं होतं आणि दुबईला निघालं होतं. नानाने “हं” केलं, माझ्या हातातला गेटपास घेतला नाही, आणि बाहेर गेला.

मला वाटलं चहाला गेला. पाच मिनिटांनी बाहेर येऊन पाहतो तर हा ट्रेलरवर चढून बांधलेले पट्टे सोडतोय. ड्रायव्हर खाली उभा राहून बडबडतोय. कसारा घाट अंधारात उतरायला लावता काय, म्हणे. मीही वैतागलो. बंदरावर माल पोचायची वेळ ठरलेली, वरून दोनदा फोन येऊन गेलेला.

“नाना, सकाळपासून तुम्हीच बांधलंय ना हे?”

“मीच बांधलंय. म्हणून तर सोडतोय. इकडं या साहेब.”

वर चढलो. त्याने मशीनच्या मागच्या कोपऱ्यावरून खाली आलेल्या पट्ट्यावर हात ठेवला. पट्टा ताणायचं रॅचेट इतकं आवळलेलं की टिचकी मारली तर तुणतुण्यासारखा आवाज यावा. मला तरी तो एकदम पक्का वाटला.

“हा उभा आलाय,” नाना म्हणाला. “वरून दाबतो. पण मशीन पुढं नाहीतर मागं निघालं तर हा काय धरणार? नुसता कलंडत जाईल त्याच्याबरोबर.” मग त्याने पट्ट्याचं टोक पार लांब, ट्रेलरच्या कडेच्या हुकापर्यंत ओढून दाखवलं. “असा तिरपा निजवला की मग तो सरकू देत नाही. ह्या बाजूनं दोन, त्या बाजूनं दोन, आणि ठोकळे खिळ्यांनी मारून. घाटात ड्रायव्हरनं ब्रेक मारला तर ह्यो चौदा टन केबिनमध्ये येतो.”

ड्रायव्हर गप्प झाला. शेवटी केबिनमध्ये तोच बसणार होता.

सगळं पुन्हा बांधायला दोन तास लागले. पट्ट्यांच्या जोडीला साखळ्या आणि त्या ताणायचे टर्नबकल आले. लाकडी ठोकळ्यांसाठी सुतार शोधावा लागला, तो पाथर्डी फाट्यावर निघून गेला होता. गाडी अंधार पडताना निघाली. घाटनदेवीला हात जोडून रात्री घाट उतरली आणि सकाळी ड्रायव्हरचा फोन आला की पोचलो. उशिराबद्दल मी दोन दिवस बोलणी खाल्ली. पहिल्या बांधणीवरही गाडी कदाचित सुखरूप गेली असती. तशा शेकडो गेल्या होत्या, माझ्याच सहीने.

त्या आठवड्यात मी ऑफिसात मोठ्या दिमाखात सांगत सुटलो की विमान उलाळ झालं, माल मागे सरकला. टीव्हीवरचे जाणकारही तेच म्हणायला लागले तेव्हा तर आम्ही नानाला डोक्यावरच घेतला.

जुलै २०१५ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, या अपघाताचा निष्कर्ष जाहीर केला. मी तो वाचला आणि आम्ही अर्धेच बरोबर होतो हे कळलं. विमान होतं बोइंग ७४७-४००. आत पाच गाड्या, दोन बारा-बारा टनांच्या, तीन अठरा-अठरा टनांच्या. माल सरकला हे खरं. पण मंडळाने बोट ठेवलं ते नुसत्या तोलावर नाही. सुटलेली गाडी मागे जाऊन विमानाच्या शेपटाकडच्या भागात घुसली. चारपैकी दोन हायड्रॉलिक यंत्रणा तिने निकामी केल्या आणि शेपटाचा आडवा पंख हलवणारा स्क्रूही मोडला. त्या पंखावर विमानाचं नाक वर-खाली होतं. तोच हातातून गेल्यावर पायलट काय करणार? ज्याला आमच्या ऑफिसात शिवी बसली होती, त्याच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

बगरामला उभे असताना एक पट्टा तुटल्याचं आणि माल थोडा हलल्याचं विमानातल्या लोकांचं आपापसांतलं बोलणंही कॉकपिटमधल्या रेकॉर्डरवर सापडलं. दोष मुख्यतः कंपनीच्या कार्यपद्धतीवर आला. असा जड माल कसा बांधायचा याची त्यांची पुस्तिकाच अपुरी होती, पट्ट्याच्या कोनाने त्याची ताकद किती घटते याचा हिशेब धरलेला नव्हता. देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यालाही मंडळाने सोडलं नाही. कोनाचं वाचताना मला तुणतुण्यासारखा वाजणारा आमचा तो पट्टा आठवत होता.

नाना तोवर काम सोडून गावी गेला होता. एका रविवारी सिन्नरकडे जाणं झालं, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून त्याच्या घरी गेलो. ओसरीवर बसून सगळं सांगितलं. तो कांद्याच्या गोणीचं तोंड शिवत ऐकत होता. उलाळ अर्धंच बरोबर निघालं याचं त्याला काही वाटलं नाही.

“पट्टे किती व्हते?”

“बारा टनाच्या गाडीला चोवीस. मोठीला सव्वीस.”

त्याने मनाशी काहीतरी हिशेब केला. “मोठीला दोनच जास्त?”

“दोनच.”

दाभण थांबलं. “आणि बांधणारा? तो खालीच राहिला आसंल.”

“नाही नाना. तोही विमानातच होता. त्यांच्यात बांधणारा मालाबरोबर जातो.”

नाना बराच वेळ काही बोलला नाही. मग आत वळून सुनेला चहा टाकायला सांगितला आणि दाभण पुन्हा हातात घेतलं.

“म्हंजी त्यानं मनापासून बांधलं व्हतं,” तो म्हणाला.