बेडका ‘निगेटिव्ह’ म्हणजे नेमका किती निगेटिव्ह?

टीबीच्या तपासणीला येणाऱ्या कितीतरी डब्यांत बेडका नसतोच, नुसती लाळ असते. पातळ, फेसाळ, पाण्यासारखी. जंतू ठाण मांडून बसलेत फुप्फुसात. तोंडातली लाळ कितीही चाळली तरी ते हाती लागायचे नाहीत. पुढची सगळी मेहनत या डबीवर अवलंबून, म्हणून आधी तिच्याबद्दल.

डबी रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची हवी. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, साध्या पाण्याने चूळ भरायची. दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, क्षणभर रोखायचा आणि छातीच्या तळातून खोकायचं. २ ते ५ मिलिलिटर पुरे. घट्ट, पिवळसर, ओढला तर तार सुटणारा नमुना चांगला. हे काम अंगणात, गच्चीवर, मोकळ्या हवेत करायचं. बंद खोलीत किंवा संडासात नको, कारण खोकल्याचे बारीक तुषार तिथे बराच वेळ तरंगत राहतात. नमुने सहसा दोन घेतात, एक दवाखान्यात आल्या आल्या आणि एक पहाटेचा. रात्रभर साठलेलं पहाटे सुटतं, त्यामुळे दुसरा बहुधा सरस.

आता काच, म्हणजे बेडका पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची पट्टी. काच कोरी करकरीत हवी, धुतलेली जुनी चालत नाही. जुन्या काचेच्या ओरखड्यांत रंग अडकतो आणि तो रंगवलेल्या जंतूच्या लाल काडीसारखा दिसतो; शिवाय आधीच्या रुग्णाचे जंतूही चिकटून राहिलेले असू शकतात. बेडका पसरायला आपल्याकडे आजही खराट्याची हीर वापरतात. हसू नका, हे हत्यार फार गुणी आहे. मोडलेल्या हिराचं टोक कुंचल्यासारखं पिंजारतं, त्याला घट्ट कण बरोबर लागतो आणि वापरून झाल्यावर हीर थेट जंतुनाशकात टाकता येते. बेडक्यातला सगळ्यात पिवळा, पुवासारखा कण हेरून उचलायचा आणि २ × ३ सेंटिमीटरच्या जागेत गोल गोल घोळवत पसरायचा. थर किती जाड? वाळलेली काच छापील वर्तमानपत्रावर चार-पाच सेंटिमीटर उंच धरा. अक्षरं जेमतेम वाचता आली तर थर बरोबर. अजिबात वाचता येत नसतील तर जाड झाला. असा थर धुताना सोलून निघतो, आणि राहिला तरी निळ्या रंगाखाली जंतू झाकले जातात.

काच आधी हवेवर पूर्ण वाळू द्यायची, १५ ते ३० मिनिटं. मगच ज्योतीवरून तीन-चार वेळा फिरवायची. घाईघाईत ओलीच ज्योतीवर धरली तर थर शिजतो आणि तुषार उडतात ते वेगळंच.

रंगवण्याची रीत कळायला या जंतूचं कवच कळायला हवं. जंतू साधारण १ ते ४ मायक्रॉन लांब, बारीक, कधी किंचित वाकडी काडी. तिच्या भिंतीत मायकोलिक ॲसिड नावाच्या लांबलचक मेदाम्लांचा जाड थर असतो, जवळजवळ मेणच. नेहमीचे पाण्यातले रंग त्यातून आत शिरत नाहीत. बर्लिनमध्ये २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू जाहीर केला, तेव्हा त्यांच्या काचेवर तो निळा होता आणि भोवताल तपकिरी. पुढे एर्लिख, झील आणि नील्सन यांनी रीत सुधारली आणि जंतू लाल झाला.

ती रीत अशी. थरावर १ टक्का कार्बोल फुक्सिन हा लाल रंग भरपूर ओतायचा. त्यात फिनॉल असतं, ते रंगाला भिंतीत शिरायला मदत करतं. खालून ज्योत फिरवत वाफ निघेपर्यंत तापवायचं. उकळू द्यायचं नाही, सुकू तर अजिबात द्यायचं नाही. मेण तापवलं की मऊ पडतं आणि रंग आत जातो. ५ मिनिटं तसंच ठेवायचं. हळुवार धुवायचं, मग २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड २ ते ४ मिनिटं. (हे ॲसिड सौम्य करताना पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.) आता पेशी, धागे, तोंडातले इतर जंतू, सगळ्यांचा लाल रंग निघून जातो. थंड झालेल्या मेणात अडकलेला रंग मात्र ॲसिडला दाद देत नाही. शेवटी ०.१ टक्के मिथिलीन ब्लू ३० सेकंद, म्हणजे भोवताल निळा होतो आणि लाल काडी उठून दिसते.

धुवायचं पाणी हा घोटाळ्याचा मोठा उगम. नळाला लावलेल्या जुन्या रबरी नळीत टीबीचे निरुपद्रवी भाऊबंद वस्ती करतात, तेही ॲसिडला दाद देत नाहीत, आणि एकाच दिवशी भलत्याच काचा पॉझिटिव्ह निघायला लागतात. न गाळलेल्या फुक्सिनचे स्फटिकही असेच फसवतात. काच पाहण्याआधी तिच्यावर भिंगासाठी तेलाचा थेंब टाकतात; त्या बाटलीची कांडी काचेला टेकली, तर एका रुग्णाचे जंतू दुसऱ्याच्या काचेवर पोचतात. थेंब वरूनच सोडायचा.

वाचताना शंभर पटीचं तेलाचं भिंग, एकूण हजार पट. भिंगातून एका वेळी दिसणारं गोल वर्तुळ म्हणजे एक फील्ड. शंभर फील्डमध्ये एकही काडी नाही, तर निगेटिव्ह. १ ते ९ दिसल्या तर स्कॅन्टी, म्हणजे अगदी तुरळक, आणि नेमका आकडा लिहायचा. १० ते ९९ म्हणजे १+. दर फील्डला १ ते १० म्हणजे २+, दहाहून जास्त म्हणजे ३+. शंभर फील्ड नीट पाहायला किमान पाच मिनिटं लागतात. मिनिटभरात काच उरकणाऱ्याच्या निगेटिव्हवर माझा विश्वास नाही.

आणि मुळात शंभर फील्ड म्हणजे किती? एक फील्ड साधारण ०.१८ मिलिमीटर रुंद. त्या हिशेबाने ६०० चौरस मिलिमीटरच्या थरात वीस हजारांहून जास्त फील्ड बसतात. म्हणजे आपण थराचा अर्धा टक्कासुद्धा पाहत नाही! म्हणूनच बेडक्यात दर मिलिलिटरला पाच ते दहा हजार जंतू असल्याखेरीज या तपासणीत काही दिसत नाही. लहान मुलं, एचआयव्हीचे रुग्ण, गाठीचा किंवा मणक्याचा टीबी, इथे जंतू मुळातच कमी किंवा बेडक्यात नसतातच. अशा वेळी निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन निर्धास्त होणं धोक्याचं.

जनुकीय तपासण्या इथे कामी येतात. सीबीनॅट साधारण दोन तासांत जंतूचा डीएनए तर ओळखतंच, शिवाय rpoB जनुकातला बदल पाहून रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध लागू पडेल का तेही सांगतं. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालतं, त्यामुळे तालुक्याच्या जागीही ठेवता येतं. कल्चर, म्हणजे जंतू माध्यमावर वाढवून पाहणं, याहून संवेदनशील, मिलिलिटरला दहा-शंभर जिवंत जंतूही पुरतात, पण वेळ खातं. आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, या महाशयांना १८ ते २४ तास लागतात. अंड्याच्या हिरव्या माध्यमावर वाढ दिसायला आठवडे जातात. त्याआधी बेडक्यातले इतर जंतू मारायला सोडियम हायड्रॉक्साइड घालतात. मेणाचं कवच इथेही तारतं, पण १५-२० मिनिटंच. वेळ जास्त झाला की टीबीचा जंतूही मरतो आणि कल्चर खोटं निगेटिव्ह येतं.

आयसोनियाझिड हे औषध नेमकं या मेणाच्या उत्पादनावर घाव घालतं. उपचार सुरू झाल्यावर मात्र रिपोर्ट वाचताना एक पेच येतो. काचेवरची लाल काडी जिवंत की मेलेली, ते रंग सांगत नाही. मेलेल्या जंतूचा डीएनएही बेडक्यात बराच काळ सापडतो, त्यामुळे गोळ्या किती लागू पडल्या हे पाहायला सीबीनॅट वापरत नाहीत. दोन महिन्यांच्या गोळ्यांनंतर काच अजून १+ येत असेल, तर त्या काड्या मेलेल्या आहेत की औषधाला पुरून उरल्यात, ते कल्चरच सांगतं. तोवर गोळ्या बंद करायच्या नाहीत.