इशारा देणार कोण? भारत, बांगलादेश आणि आमची मुठा

मुठेला किती पाणी आले, हे विचारताना पुणेकर क्यूसेकचा आकडा सांगत नाही. भिडे पूल पाण्याखाली गेला का, एवढेच विचारतो. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा ही मोजपट्टी अपुरी पडली. तिथे राहणाऱ्या माझ्या मावसभावाला जाग आली ती वॉचमनच्या हाकेने. हवामानबदलाशी जुळवून घेण्याची शासनाची तयारी नेमकी कशात मोजावी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे आणि त्यासाठी मी भारताशेजारी बांगलादेश ठेवून पाहतो आहे.

कागदावर दोघेही सज्ज आहेत. भारताने २००८ मध्ये आठ अभियानांचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला; बांगलादेशाने २००९ मध्ये आपला. मात्र ढाक्याने परदेशी मदतीची वाट न पाहता स्वतःच्या अंदाजपत्रकातून पहिली काही वर्षे दरवर्षी ७०० कोटी टका बाजूला काढले आणि २०१० मध्ये त्या निधीसाठी कायदाही केला. आपला राष्ट्रीय अनुकूलन निधी २०१५ चा. नाबार्डमार्फत त्यातून मंजूर झालेले प्रकल्प ३० आणि रक्कम सुमारे ८४७ कोटी रुपये, म्हणजे देशाचा आकार पाहता चिमूटभर. अर्थात ढाक्याच्या निधीतही प्रकल्पांची निवड राजकीय वजनाने होते, अशी टीका तिथलेच अभ्यासक करत आले आहेत.

खरी तयारी दिसते ती चक्रीवादळात. १९७० च्या वादळात बांगलादेशात (तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात) किमान तीन लाख माणसे गेली आणि १९७२ मध्ये चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम सुरू झाला. आज त्यात सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत. कोणी भोंगा घेऊन गावभर फिरायचे, कोणी निवाऱ्याची व्यवस्था पाहायची, हे आधीच वाटून दिलेले असते. आपल्याकडे ओडिशाने हेच करून दाखवले: १९९९ मध्ये सुमारे दहा हजार बळी, तर २०१३ च्या फायलिन वादळापूर्वी जवळपास दहा लाख लोक हलवले गेले आणि मृतांची संख्या दोन अंकीच राहिली. राज्याला अधिकार असल्यामुळे ओडिशाला दिल्लीकडे न पाहता शिकता आले; बांगलादेशात मात्र गावची युनियन परिषद पैशासाठी ढाक्याच्या तोंडाकडे पाहते.

शहरातील पुरापाशी आपला हा फायदा विरघळतो. राज्यघटनेप्रमाणे पाणी राज्याचा विषय, त्यामुळे धरणाचा विसर्ग जलसंपदा विभागाकडे. नाले आणि बांधकाम परवाने महापालिकेकडे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे. नदीकाठची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. पण हे हिशेब मागच्या पावसावर बेतलेले, आणि पाऊस बदलत चालला आहे. पंधराव्या वित्त आयोगाने शहरी पूर कमी करण्यासाठी पुण्याला २५० कोटी रुपये सुचवले होते. पैसा आला तरी मध्यरात्री हाक मारणारा माणूस कोणत्या खात्याचा, हे त्याने ठरत नाही.

त्या पहाटे एकतानगरीला निवडून आलेला नगरसेवकही नव्हता, कारण मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता. आणि महिन्याभरातच बांगलादेशात हेच घडले: ५ ऑगस्टला सरकार कोसळले, १९ ऑगस्टच्या सुमारास हंगामी सरकारने शहरांचे महापौर आणि उपजिल्ह्यांचे अध्यक्ष पदावरून दूर केले, आणि त्याच आठवड्यात फेनी जिल्हा पाण्याखाली गेला.