मीटरवर २९४

ड्रिप संपायला पंधरा-वीस मिनिटं उरली होती. पलीकडच्या खुर्चीतल्या बाईंची सुई काढून मी कापूस दाबून धरला होता, तेवढ्यात काकांनी हाक मारली. "सिस्टर, शुगर बघा कुठे जाऊन बसली!" त्यांनी स्वतःचा ग्लुकोमीटर आणला होता. स्क्रीनवर २९४. मी त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांनी इन्सुलिनचं पेन उघडून दहावर फिरवलंही होतं. शर्टाचं टोक वर धरलेलं.

मी आकडा पाहिला आणि मग माणूस पाहिला. कपाळावर घामाचे थेंब, ओठ पांढरे, पेन धरलेली बोटं थरथरतायत. शुगर तीनशेच्या घरात गेली की तहान लागते, सारखं लघवीला जावं लागतं. असा दरदरून घाम फुटतो तो शुगर खाली गेल्यावर. मी पेन जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

काका चिडले. "अहो, मशीन सांगतंय ना!"

हा त्यांचा चौथा ड्रिप. थकवा सात-आठ महिन्यांपासूनचा. सकाळी उठताना अंग शिशाचं झाल्यासारखं वाटतं, दोन जिने चढले की बसावं लागतं, तोंडाला चव नाही. आमच्या सेंटरमध्ये अशीच माणसं येतात: थकलेली, आणि थकव्याला कुणी दाद देत नाही म्हणून वैतागलेली. थकव्यासाठी आमचा ठरलेला बेत म्हणजे आधी अमिनो ॲसिडची बाटली, मग बी गटाची जीवनसत्त्वं, मॅग्नेशियम आणि सी. या मिश्रणाचं मूळ बॉल्टिमोरच्या डॉ. जॉन मायर्स यांच्याकडे जातं. ते १९८४ मध्ये वारले. त्यांच्या रुग्णांना पुढे तेच इंजेक्शन देण्याची वेळ डॉ. ॲलन गॅबी यांच्यावर आली, तेव्हा मायर्स नेमकं किती काय घालत होते हे त्यांनाही ठाऊक नव्हतं; त्यांनी अंदाजाने आपलं प्रमाण बसवलं आणि २००२ मध्ये ते छापलं. आज जगभर दिलं जातं ते या अंदाजाचंच कुठलं ना कुठलं रूप. नोकरी धरली तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मला फक्त नाइट ड्यूटी नको होती.

पहिल्या ड्रिपनंतर काका खूश होते. "लघवी पिवळीजर्द झाली, म्हणजे औषध लागू पडलं," असं त्यांनी मला कौतुकाने सांगितलं. तो रंग बी-टूचा. शरीराला नको असलेलं बी-टू बाहेर पडताना तसा दिसतो. लागू पडल्याची नव्हे, वाया गेल्याची ती खूण. मी हसून सोडून दिलं. तिसऱ्या वेळी फरक वाटेना, म्हणून त्यांनी डोस वाढवायचा हट्ट धरला. डॉक्टर मॅडमनी सी पाच ग्रॅमवरून पंचवीसवर नेलं.

पंचवीस ग्रॅम म्हणजे किती, ते तोंडाने घेण्याशी ताडून बघावं. दोनशे मिलीग्रॅमची गोळी आतडं जवळजवळ पूर्ण शोषतं. एक ग्रॅमच्या वर गेलं की निम्मंही घेत नाही. आतड्याच्या दारावर राखणदार आहे. शिरेतून दिलं की तो राखणदार मागच्या मागेच राहतो, आणि सगळा हिशोब मूत्रपिंडाच्या गळ्यात पडतो. म्हणून मोठ्या डोसच्या आधी जी-सिक्स-पीडीची तपासणी लागते. ते एन्झाइम कमी असेल तर तांबड्या पेशी फुटतात. ती आम्ही केली होती, नॉर्मल होती. तेवढं करून आम्ही निर्धास्त झालो.

तर, पेन माझ्या हातात आणि काका माझ्यावर चिडलेले. मला बर्न्स वॉर्ड आठवला. तिथे तीन वर्षं काढली होती. भाजलेल्या काही पेशंटना पहिल्या दिवशी सीचे प्रचंड डोस चालायचे, आणि आमच्या सीनिअर सिस्टरांचा एक नियम होता: सी चालू असेल तर मशीनला विचारायचं नाही, रक्त लॅबला पाठवायचं. कारण तेव्हा विचारलं नव्हतं, नंतर वाचलं. स्ट्रिपवर ग्लुकोजची रासायनिक क्रिया होते, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, मीटर ते मोजून आकडा दाखवतो. व्हिटॅमिन सीसुद्धा त्याच इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देऊन मोकळं होतं. मीटरला दोघांत फरक कळत नाही, सगळं तो साखरेच्या खात्यावर मांडतो. अनेक स्ट्रिपच्या डबीतल्या घडीच्या कागदावर हे बारीक अक्षरात छापलेलं असतं. तो कागद आम्ही डबी उघडताना फेकतो.

ड्रिप बंद केला, मॅडमना हाक मारली. दुसऱ्या हातातून नळीत रक्त घेतलं आणि वॉर्डबॉय मामांना शेजारच्या लॅबकडे पळवलं. निकालाची वाट बघायची नाही असं मॅडमनीही एका नजरेत ठरवलं. लाइन होतीच, पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज शंभर मिलि हळूहळू सोडलं. मीटरच्या मते ज्याची साखर तीनशेला टेकलीय त्याला मी शिरेतून साखर देत होते. हात माझाही स्थिर नव्हता.

पाच-सहा मिनिटांत काकांचा आवाज बदलला. मघापर्यंत वाद घालणारा माणूस गोंधळून विचारू लागला, "मी काय करत होतो?" लॅबचा फोन आला: ५१. तिथलं यंत्र हेक्सोकायनेज पद्धतीचं, त्याला सी फसवत नाही. ती नळी डेक्स्ट्रोजच्या आधीची. त्यावर दहा युनिट गेले असते तर पुढचं मी इथे लिहीत नाही.

मॅडमनी त्याच नळीतून आणखी तपासण्या सांगितल्या होत्या. मला वाटलं, उगाच खर्च. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतंय ते सांगणारा आकडा, ३.१ आलं; ते साधारण एकच्या आसपास हवं. हिमोग्लोबिन ८.७.

हे दोन आकडे समोर ठेवले आणि मागच्या आठ महिन्यांचा अर्थच बदलला. काका मोठ्या अभिमानाने सांगायचे की आता इन्सुलिन कमी लागतं, शुगर आपोआप सुधारलीय. सुधारली नव्हती. इन्सुलिन शरीराबाहेर काढण्याचं बरंचसं काम मूत्रपिंड करतं. ते मंदावलं की घेतलेलं इन्सुलिन रेंगाळतं आणि शुगर खाली ओढत राहतं. काकू तेव्हा कुठे बोलल्या: "पहाटे बनियन पिळून काढावा इतका घाम येतो यांना. मी म्हटलं, उकाड्याने असेल." म्हणजे रात्री झोपेत शुगर पडत होती आणि सकाळी अंग शिशाचं होत होतं. जिना चढवत नव्हता तो रक्त कमी झाल्याने. तांबड्या पेशी बनवायचा निरोप मूत्रपिंडच मज्जेला देतं. तोंडाची चव गेली तीही त्याच घरातली. त्या सकाळी नेहमीचं इन्सुलिन घेऊन, चव नाही म्हणून जेमतेम दोन घास खाऊन ते आले होते.

आणि आम्ही काय देत होतो? अमिनो ॲसिडमधल्या नायट्रोजनचा युरिया होतो, तो मूत्रपिंडाने काढायचा. व्हिटॅमिन सीचं काही अंशी ऑक्झलेट होतं, तेही मूत्रपिंडाने काढायचं, आणि जास्त झालं तर त्याचे स्फटिक तिथेच अडकून बसतात. थकलेल्या माणसाला नव्हे, त्याच्या थकलेल्या अवयवाला आम्ही दर आठवड्याला जादा ड्यूटी लावत होतो. फॉर्मवर 'किडनीचा त्रास' यापुढे काकांनी 'नाही' लिहिलं होतं. खोटं नव्हतं; त्यांना त्रास कुठे होत होता? क्रिएटिनिनचा रकानाच आमच्या फॉर्ममध्ये नव्हता. पहिल्या दिवशी फॉर्म भरून घेणारी मीच, आणि दर वेळी अमिनोची बाटली लावताना 'शीर जळते' म्हणाले की वेग कमी करणारीही मीच. दहा टक्क्यांचं ते द्रावण रक्ताच्या जवळजवळ तिप्पट तीव्र असतं, शीर जळणारच. शिरेची काळजी मी अगदी मन लावून घेतली.

काकांना त्याच दुपारी भरती केलं. अशा मूत्रपिंडात इन्सुलिन आणि सी दोन्ही रेंगाळणार, म्हणजे शुगर पुन्हा पडणार आणि मीटर पुन्हा खोटं बोलणार. रेफरलच्या चिठ्ठीवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: ग्लुकोमीटर वापरू नये, शुगर लॅबमधूनच. तिथल्या ड्यूटीवरच्या मुलीला फोन करूनही सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "मीटरच वापरायचा नाही?" रात्री त्यांची शुगर आणखी एकदा पडली, लॅबमधून कळली.

दीड महिन्याने काका रिपोर्टची फाइल घेऊन भेटायला आले. इन्सुलिन निम्म्यावर आलेलं, रक्त वाढायची इंजेक्शनं सुरू, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे नियमित फेऱ्या. थकवा पूर्ण गेला नव्हता, पण पहाटेचा घाम थांबला होता.

"मग पहिल्या दोन वेळेला मला बरं वाटलं होतं ते काय, सिस्टर? ते पण खोटं?"

मी त्यांना एक जुनी चाचणी सांगितली. २००९ मध्ये छापून आलेली, फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर दुखत राहण्याच्या आजाराच्या, चौतीस जणांवरची. काहींना मायर्सचं मिश्रण दिलं, काहींना नुसतं रिंगर लॅक्टेट, म्हणजे साधं क्षारांचं सलाइन. बरं दोन्हीकडच्या लोकांना वाटलं, आणि दोन गटांत ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही. शिरेत पाणी जातं, तास-दीड तास माणूस पाय पसरून बसतो, फोन बाजूला ठेवतो, आणि कुणीतरी दर दहा मिनिटांनी येऊन विचारतं, कसं वाटतंय.

"हो, ते तुम्ही विचारायचा खरं," काका म्हणाले, आणि फाइल उघडून नवीन क्रिएटिनिन कुठे लिहिलंय ते मला शोधायला लावलं.