प्लेटलेट वाढल्या, मी नाही

मंगळवार, रात्र.

रिपोर्ट आला. प्लेटलेट ९२ हजार. नॉर्मल म्हणजे दीड ते साडेचार लाख, पण आयटीपीत, म्हणजे प्लेटलेट कमी करणाऱ्या माझ्या या आजारात, एवढ्यावर रक्तस्रावाची भीती फारशी राहत नाही. घरात लगेच सण. ह्यांनी नणंदेला फोन लावला, सासूबाईंनी सिद्धेश्वराला नारळ कबूल केला. मी पलंगावर आडवी, केसांत कंगवा तसाच अडकलेला. हात वर धरवेना.

सोलापुरात प्लेटलेट म्हटलं की लोकांना डेंग्यूच आठवतो. आकडा चढला की माणूस बरा, विषय संपला. म्हणून अजून पपईच्या पानांचा रस सुचवणारे भेटतात. इथं आपलीच प्रतिकारशक्ती प्लेटलेटच्या मागे लागलेली आहे, अँटिबॉडी चिकटलेल्या प्लेटलेट पोटातल्या प्लीहेत (स्प्लीनमध्ये) नष्ट होतात, हे किती जणांना सांगायचं? १९५१ साली अमेरिकेतल्या विल्यम हॅरिंग्टन या डॉक्टरांचा प्रयोग छापून आला. पठ्ठ्यानं आयटीपीच्या पेशंटचं रक्त स्वतःला टोचून घेतलं आणि काही तासांत त्याच्या प्लेटलेट धडाधड कोसळल्या. दोष रक्तातच फिरतोय, याचा पुरावा मिळाला. थकवा असा टोचून दाखवता आला असता, तर पहिली सुई कुणाला द्यायची ते माझं ठरलेलं आहे.

डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, "आकडा आणि थकवा हातात हात घालून चालतीलच असं नाही." पाळीत जास्त रक्त जातं म्हणून हिमोग्लोबिन आणि लोह तपासायला सांगितलं. या आजारावर चालू असलेल्या स्टेरॉइडनं झोप उडते, तीही यात आलीच. रात्री टक्क जागी, आणि दुपारी भाजी निवडतानाच डोळे मिटतात. वर चेहरा गोल झालाय, तर शेजारच्या काकू म्हणतात, "तब्येत छान भरली गं!"

आज दुसरी भाकरी थापताना हात परातीतच थांबले. झोपून जाईल असा थकवा नव्हे हा. झोपून उठल्यावरही तो तिथंच असतो. पीठ बोटांवर वाळलं तरी मी स्टुलावर बसून. सासूबाई म्हणाल्या, "ऊन बाधलंय, ताक पी." बेचाळीस डिग्रीत तसं वाटणारच, त्यांचं काय चुकलं? पण जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेतही मी अशीच बसकण मारली होती, तेव्हा कुठलं ऊन?

शेवटी सांगून टाकलं, उद्यापासून रात्रीच्या भाकऱ्या विकतच्या, कडक. शेंगाचटणी आहेच. त्या "बरं" म्हणाल्या, तोंड वाकडं करूनच.