भुसावळच्या जुन्या दफनभूमीत जिओकॅशिंग

अक्षांश-रेखांशांच्या आधारे लपवलेली डबी शोधून तिच्यातील वहीत नाव नोंदवणे, एवढाच जिओकॅशिंगचा खेळ. मे २००० च्या प्रारंभी अमेरिकेने नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम ठेवलेली त्रुटी काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉनमधील बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवून तिचे स्थान इंटरनेटवर जाहीर केले. याच ओरेगॉनमध्ये १८४० च्या दशकात छकड्यांच्या तांड्यांनी येऊन वसलेल्या पहिल्या वसाहतकारांच्या दफनभूमी आहेत. अशा ठिकाणांसाठी खेळाडूंमध्ये एक पद्धत रूढ आहे आणि ती मला अत्यंत योग्य वाटते: डबी कबरींमध्ये ठेवायची नाही, कबरींवरील सनांतून आकडे घेऊन अक्षांश-रेखांशांचे शेवटचे अंक काढायचे आणि डबी कुंपणाबाहेर शोधायची.

ही पद्धत आपल्या खान्देशात यावी, तीही भुसावळच्या जुन्या युरोपीय दफनभूमीपासून, असे मला मनापासून वाटते. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने नेमलेले रॉबर्ट गिल येथे विसावले आहेत. वर्षानुवर्षे लेण्यांत बसून त्यांनी रंगवलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या, तरीही ते पुन्हा कामाला लागले. एप्रिल १८७९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांची सहचरी पारू यांची समाधी मात्र अजिंठा गावात आहे. दोन टप्प्यांच्या शोधात हे दोघे निदान एका वाटेवर येतील.

तरीही कोड्यातले आकडे गिल यांच्या कबरीवरून घेऊ नयेत, असे माझे मत आहे. त्यांचे सन घरबसल्या सापडतात. आकडे घ्यावेत ते शेजारच्या, ज्यांची चौकशी कोणी करत नाही अशा कबरींवरून, म्हणजे खेळाडूला तेथे जावेच लागेल आणि ती नावे वाचावी लागतील. वाचनही काळजीपूर्वक करावे लागते, कारण अक्षांशाच्या कलेतील (म्हणजे मिनिटातील, अंशाच्या साठाव्या भागातील) दशांशाचा तिसरा अंक सुमारे १.८५ मीटर दाखवतो, पहिला सुमारे १८५ मीटर. झिजलेल्या दगडावरचा ३ हा पहिल्या स्थानी ८ म्हणून घेतला, तर माणूस जवळजवळ एक किलोमीटर चुकतो. अशा वेळी दगड घासू नये, त्यावर खडू किंवा पीठ चोळू नये. सकाळच्या तिरप्या उन्हात, किंवा मोबाइलचा प्रकाश बाजूने टाकल्यावर, पुसट अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात.

जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन उकरून डबी पुरणे या खेळाच्या नियमांत बसत नाही आणि डबी ठेवण्यासाठीही त्याची परवानगी आवश्यक असते. येथे मी आणखी एक अट घालीन: दफनभूमीची देखभाल करणाऱ्यांना आणि स्थानिक ख्रिस्ती बांधवांना आधी भेटावे, आणि त्यांनी नको म्हटले तर डबीचा विषय तेथेच सोडावा. होकार मिळाला, तर शोधाच्या माहितीत दोन सूचना ठळकपणे असाव्यात: भुसावळच्या उन्हाळ्यात दुपारी जाऊ नये, आणि कोणी प्रार्थनेला किंवा अंत्यविधीला आलेले असेल, तर त्या दिवशी बाहेरूनच परतावे.